संस्थेचा अभ्यास गावात कसा करायचा: कोकणातल्या पहिल्या क्षेत्रकार्यासाठी

समाजशास्त्रात एम.ए. किंवा पीएच.डी. करणारी मुलं स्वयंसेवी संस्था, बचत गट, गावमंडळं असा विषय घेतात आणि बहुतेकदा एकाच जागी घसरतात. मे महिन्यात तीन आठवडे गावात जायचं, संस्थेच्या कार्यालयात बसायचं, अध्यक्षांची दोन तासांची मुलाखत घ्यायची, संस्थेनेच गोळा करून दिलेल्या वीस-पंचवीस ‘लाभार्थी’ बायकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आणि परतीची एसटी धरायची. हाती येतो तो संस्थेचा वार्षिक अहवालच, फक्त जाड झालेला. ‘यात विश्लेषण कुठंय?’ असं मार्गदर्शक विचारतात तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं. ही चूक लिहिण्यात झालेली नसते, क्रमात झालेली असते.

क्रम असा ठेवा: आधी कागद, मग घरं, मग सभा, मग मुलाखती, शेवटी मुंबई. पुढचे टप्पे रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडचे दक्षिणेकडचे तालुके डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहेत.

## १. प्रश्न ठरवा: संस्था नको, निर्णय घ्या

‘रत्नागिरी जिल्ह्यातील महिला सक्षमीकरणात स्वयंसेवी संस्थांची भूमिका’ या छापाचं शीर्षक सुचलं तर ते खोडा. त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि ते तपासायला गावात जायची गरजही पडत नाही.

त्याऐवजी गेल्या पाचेक वर्षांत गावानं मिळून घेतलेले तीन निर्णय शोधा. नळपाणी योजनेची विहीर कोणत्या वाडीत पाडायची, ग्रामसंघाचं (गावातल्या बचत गटांच्या संघाचं) काजू फोडायचं यंत्र कुणाच्या पडवीत ठेवायचं, देवळाच्या जीर्णोद्धाराला घरटी किती वर्गणी काढायची, असे. तीनपैकी निदान एक फसलेला किंवा अर्धवट राहिलेला हवा. यशाची गोष्ट सगळे एकसारखी सांगतात. फसलेल्या कामाची गोष्ट वाडीगणिक बदलते आणि गावाची घडण तिथंच दिसते.

प्रत्येक निर्णयाला पाचच प्रश्न लावा. पहिल्यांदा कुणी काढला? खरा ठरला कुठे? पैसा कुणाचा? गप्प कोण राहिलं? कागदावर कधी चढला?

तपासा: तुमचा प्रश्न एका वाक्यात गावातल्या माणसाला सांगून बघा. ‘सामाजिक भांडवल’ किंवा ‘नागरी समाज’ हे शब्द वापरल्याशिवाय सांगता येत नसेल तर तो अजून तयार नाही.

इशारा: मामा, काका किंवा तुम्ही स्वतः जिथं पदाधिकारी आहात ती संस्था पहिल्या अभ्यासाला घेऊ नका. दार सहज उघडतं हे खरं, पण विरोधातली वाडी तुमच्याशी तोंड उघडत नाही.

## २. दिवस ठरवा: विद्यापीठाचं वेळापत्रक बाजूला ठेवा

वर्षभरात चार ते पाच खेपा आणि एकूण ९० ते १२० दिवस मुक्काम, असा हिशेब धरा. सलग तीन महिने राहण्यापेक्षा हे बरं, कारण कोकणातलं गाव वर्षातून तीन वेळा तरी वेगळं असतं.

जून-जुलैत लावणी. शेतकरी घरांत दिवसा कुणी भेटणार नाही, रात्री भेटलेला माणूस पेंगत असेल. किनाऱ्यावर मात्र उलट. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात, माणसं जाळी विणत बसलेली असतात. मच्छीमार सोसायटीचा अभ्यास असेल तर याच दोन महिन्यांत जा. नारळी पौर्णिमा झाली की तेच लोक पहाटे निघतील आणि उरलेला वेळ झोपेत घालवतील.

गणपतीत चाकरमानी येतात. एरवी कुलूप असलेली घरं उघडतात आणि मुंबई मंडळाची माणसं एका गावात, एका वेळी सापडतात. पण आरत्या, भजनं, पाहुणे यांत निवांत मुलाखत मिळत नाही. ओळख करून घ्या, फोन नंबर घ्या, वेळ मुंबईतली मागा.

शिमग्याला निदान एकदा गावात हजर असाच. पालखी कोणत्या घरी आधी थांबते, कोणत्या वाडीत जातच नाही, नारळ कुणाच्या हातचा घेतात, यात गावचा मान-पान उघड्यावर येतो. जुने वादही याच दिवसांत डोकं वर काढतात. संस्थेच्या कार्यकारिणीतल्या नावांचा आणि मानकऱ्यांच्या नावांचा काही मेळ लागतो का, हे इथं ताडून बघता येतं. सिंधुदुर्गात ‘बारा-पाच’ मानकऱ्यांची गोष्ट निघाली की पुस्तकी व्याख्या शोधत बसू नका. या गावात ते कोण, एवढंच विचारा.

एप्रिल-मे हा सगळ्यांचा आवडता काळ आणि सगळ्यांत फसवा. आंबा बागायतदाराला तेव्हा पेट्यांशिवाय दुसरं काही सुचत नाही, आणि गाव लग्नं-पूजा-क्रिकेटच्या सामन्यांनी भरलेलं असतं. तेवढंच बघून परतलात तर गाव भरलेलं आहे, संघटना जोरात आहे असं लिहून बसाल.

## ३. कागद गोळा करा, माणसांना भेटण्याआधी

संस्था कोणत्या कायद्याखाली आहे यावरून कागद कुठे मिळतील ते ठरतं.

नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था. महाराष्ट्रात बहुतेक संस्था दुहेरी नोंदलेल्या असतात: संस्था नोंदणी अधिनियम १८६० (किमान ७ सभासद) आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०. कागद जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात असतात. नोंदणी क्रमांक संस्थेच्या पत्राच्या शीर्षावर छापलेला असतो. तो घेऊन निरीक्षण अर्ज आणि मग नक्कल अर्ज करा. मागायच्या चार गोष्टी: घटना व नियमावली, परिशिष्ट १ चा उतारा (विश्वस्त आणि मालमत्ता यांची अधिकृत नोंद), दाखल झालेले फेरफार अर्ज, आणि गेल्या पाच वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल.

कलम ८ ची कंपनी. कंपनी कायदा २०१३ खालची ना-नफा कंपनी. कागद कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून दिसतात.

सहकारी सोसायटी. १९६० चा सहकार कायदा. कागद सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात; मच्छीमार सोसायटी असेल तर मत्स्यव्यवसाय खात्यातही विचारा.

बचत गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ (अनेक ग्रामसंघांचा संघ). राज्याच्या ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातले किंवा माविमचे (महिला आर्थिक विकास महामंडळाचे). गट शक्यतो १० ते २० बायकांचा. कागद म्हणजे गटाच्या वह्या आणि त्या गटाकडेच असतात. त्या कार्यालयातून मागू नका. गटातूनच बघा, तेही सहाव्या टप्प्यावर.

वाडी मंडळ, गावकी, क्रीडा मंडळ. बरीचशी नोंदणीशिवाय चालतात. कागद म्हणजे खजिनदाराच्या कपाटातली वही. पुष्कळदा गावातली सर्वांत वजनदार संघटना हीच असते आणि कोणत्याही सरकारी यादीत ती सापडत नाही.

आता वाचायचं कसं. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत फेरफार अर्ज द्यायचा असतो. प्रत्यक्षात परिशिष्टावर वारलेल्या विश्वस्ताचं नाव वर्षानुवर्षं तसंच राहिलेलं सापडतं. तो निष्काळजीपणा समजून पुढे जाऊ नका. अर्ज प्रलंबित आहे की दिलाच नाही? प्रलंबित असेल तर हरकत कुणी घेतली? त्या हरकतीत भांडणाची एक बाजू लेखी स्वरूपात तयार मिळते.

लेखापरीक्षण अहवालात एकच गोष्ट आधी शोधा: सभासद वर्गणी एकूण जमेच्या किती? समजा जमा २४ लाख रुपये आणि वर्गणी ९,६००. म्हणजे हजार रुपयांमागे चारच रुपये सभासदांचे. अशी संस्था वार्षिक सभा भरवते तेव्हा ती नेमकी कुणाला उत्तर देत असते, हा प्रश्न आपसूक उभा राहतो. देवस्थान किंवा वाडी मंडळाच्या वहीत हेच प्रमाण नेमकं उलटं दिसेल. मग पाच वर्षांचे आकडे शेजारी मांडा आणि उडी किंवा घसरण कुठे आहे ते बघा. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांत २०२० नंतरची वर्षं नीट तपासा: परदेशी अभिदाय (विनियमन) कायद्यातल्या त्या वर्षीच्या दुरुस्तीनं मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेमार्फत पैसे मिळणारी गावपातळीवरची छोटी संस्था त्या वर्षात अचानक शांत झालेली दिसली तर ‘लोकांचा उत्साह ओसरला’ असं लिहिण्याआधी निधीचे आकडे बघा.

ग्रामपंचायतीतून दोन गोष्टी घ्या: तुमच्या तीन निर्णयांच्या काळातली ग्रामसभेची इतिवृत्तं आणि नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. आधी साधी विनंती करा. नाहीच मिळालं तर माहितीचा अधिकार: १० रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस.

इशारा: ज्या संस्थेचा अभ्यास करायचा आहे तिच्याविषयी तिला न सांगता माहितीचा अर्ज टाकू नका. तालुक्याच्या ठिकाणी अर्जदाराचं नाव दुपारपर्यंत पोहोचतं आणि संध्याकाळपर्यंत तुम्ही ‘चौकशीवाले’ झालेले असता. नक्कल काढायच्या आधीही अध्यक्षांना फोन करून ‘कागद बघणार आहे’ असं सांगून ठेवा.

## ४. परवानगी: एक सही पुरत नाही

विद्यापीठाच्या आचार समितीची मंजुरी आणि संस्थेचं संमतिपत्र मिळालं म्हणजे गावाची परवानगी मिळाली, असं होत नाही. पायऱ्या साधारण अशा चढा:

१. संस्थेचे अध्यक्ष किंवा सचिव: भेट अर्ध्या तासाची, मुलाखत नव्हे.
२. सरपंच आणि पोलीस पाटील. मुक्कामाला राहणार असाल तर पोलीस पाटलांना सांगणं आवश्यकच.
३. गावकर किंवा प्रमुख मानकरी. ‘पाया पडायला आलो’ एवढंच निमित्त पुरतं.
४. प्रत्येक वाडीचा प्रमुख. हा टप्पा बहुतेक जण गाळतात.
५. बचत गटांसाठी गावातली सीआरपी ताई (गटांची कामं बघणारी अभियानाची गावपातळीवरची कार्यकर्ती).

सगळ्यांना देण्यासाठी मराठीत एक पानी पत्र ठेवा: तुम्ही कोण, कोणत्या विद्यापीठाचे, किती दिवस राहणार, पैसे कोण देतं, नावं छापणार नाही, नको वाटलं तर मध्येच नाही म्हणता येईल, मार्गदर्शकांचा फोन. अक्षर मोठं ठेवा.

सहीबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. जैतापूर, नाणार, बारसू या प्रकल्पांनंतर राजापूरच्या पट्ट्यात अनोळखी माणूस फॉर्म घेऊन आला की लोकांना जमिनीची मोजणी आठवते. सामाईक सातबारावर वीस-पंचवीस हिस्सेदार असलेल्या घरात ‘इथं सही करा’ हे वाक्य फार जड पडतं. तिथं लेखी संमतीचा हट्ट धरू नका. तोंडी संमती रेकॉर्ड करा आणि ही पद्धत आचार समितीकडून आधीच मंजूर करून घ्या. समितीला कारण मराठीत समजावलंत तर बहुधा पटतं. ‘सांस्कृतिक संवेदनशीलता’ एवढंच लिहिलंत तर अर्ज परत येतो.

राहायचं कुठे, हा निर्णयही आत्ताच घ्या. सरपंचांच्या घरी नको, संस्थेच्या अतिथिगृहात तर मुळीच नको. शाळेतल्या शिक्षकांची खोली, आरोग्य उपकेंद्राजवळची भाड्याची खोली, एखादी खानावळ बरी. ज्या घरी जेवता त्या घराचे तुम्ही होता. ते टाळता येत नसेल तर दुसऱ्या खेपेला वाडी बदला.

## ५. घरं मोजा: नमुना ८ हातात घेऊन

दोन-तीन दिवस फक्त चाला. हाताने नकाशा काढा: वाड्या, पऱ्हे (ओढे), सडा (माथ्यावरचं कातळाचं पठार), देऊळ, विहिरी, दुकान, एसटीचा थांबा, संस्थेचा फलक. मोबाइलवरचा नकाशा पायवाटा दाखवत नाही, आणि वरच्या वाडीची माणसं सभेला का येत नाहीत याचं अर्धं उत्तर त्या पायवाटेच्या चढात असतं.

मग नमुना ८ मधल्या प्रत्येक घरापुढे तीनपैकी एक खूण करा: उघडं, सणाला उघडणारं, बंद. समजा २१२ घरं आहेत. १०४ उघडी, ४० सणाची, ६८ बंद. उघड्यांतून दर पाचवं घर घेतलं की २० होतात. सणाच्या घरांतली ६ गणपतीत गाठायची, बंद घरांतली ६ मुंबईत शोधायची. एकूण ३२. एका अभ्यासाला पुरतात.

एक खाचखळगा इथं आहे. नमुना ८ घर मोजतो, चूल मोजत नाही. एका कौलारू घरात तीन भावांच्या तीन चुली असतात, आणि वर्गणी घरटी आहे की चुलीगणिक, यावरून गावात वाद झालेले असतात. वहीत दोन्ही लिहा.

जात पहिल्या दिवशी विचारू नका. वाडीच्या नावावरून पुष्कळदा कळते. मात्र २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, त्यामुळे कागदावर एक नाव आणि बोलण्यात दुसरं असं होऊ शकतं. दोन्ही नोंदवा, लिहिताना कोणतं वापरायचं ते त्या वस्तीतल्या लोकांना विचारा.

तपासा: या टप्प्याच्या शेवटी तुमच्या यादीत संस्थेचे सभासद नसलेली, सभासदत्व सोडलेली आणि वर्गणी न देणारी घरं मिळून निदान ८ हवीत. नसतील तर ती मुद्दाम शोधून घाला आणि मुद्दाम घातली असं अहवालात लिहा.

## ६. सभा बघा: निर्णय सभेत होतो असं धरू नका

सभेच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि संपल्यावर अर्धा तास थांबा. ठराव बऱ्याचदा आदल्या रात्री कुणाच्या तरी खळ्यात बसून ठरलेला असतो. सभेत तो फक्त वाचला जातो. ग्रामसभेला गणपूर्ती लागते: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी तो. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणून इतिवृत्तात ‘तहकूब’ हा शब्द दिसला की थांबा: पहिली सभा का भरली नाही, आणि दुसरीला नेमके कोण आले?

टिपण कसं लिहायचं ते दाखवण्यासाठी एकाच सभेची दोन टिपणं, नमुन्यादाखल.

वाईट टिपण: ‘सभा खेळीमेळीत पार पडली. महिलांचा सहभाग चांगला होता. विहिरीचा ठराव सर्वानुमते मंजूर.’

चांगलं टिपण: ‘१० ची सभा १०.५० ला सुरू. देवळाच्या सभामंडपात सतरंजीवर २३ पुरुष. १४ बायका पायऱ्यांवर, चौघींच्या मांडीवर पोरं. ठराव ३ (विहीर) वाचायला घेतला तसे वरच्या वाडीचे दोघे उठून चपला घालून बाहेर. हात वर झाले तेव्हा ते पिंपळाखाली. कुणी हाक मारली नाही. सहीची वही सभेत फिरली नाही. संध्याकाळी शिपाई घरोघर घेऊन फिरला, मी राहते त्या घरी ७.१५ ला. घरच्या काकींनी वही न वाचता सही केली, त्या सभेला आल्या नव्हत्या.’

दुसऱ्या टिपणात एकही मत नाही, आणि तरी ‘सर्वानुमते’ या शब्दाचं काय होतं ते कळतं. टिपण त्याच रात्री पूर्ण करा. एका तासाच्या सभेला दोन तास लिखाण धरा. दुसऱ्या दिवसावर टाकलंत तर डोक्यात फक्त ठराव उरतात, चपला विसरल्या जातात.

बचत गटाच्या बैठकीत पंचसूत्री प्रत्यक्षात कशी चालते ते बघा: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. वही कोण लिहितं? अनेक गटांत एकाच शिकलेल्या मुलीकडे चार गटांच्या वह्या असतात आणि तिच्या लग्नानंतर चारही गट अडतात. अंतर्गत कर्जाची नोंद वाचताना कारणाचा रकाना बघा. ‘शेळीपालन’ लिहिलेलं असतं आणि पैसे दवाखान्यात गेलेले असतात. हे खोटेपण म्हणून पकडायला जाऊ नका. कारणाच्या रकान्यात काय लिहिलेलं चालतं हे बायकांना पक्कं ठाऊक असतं, आणि तुमच्या अभ्यासाला हवी ती गोष्ट तीच आहे.

इशारा: सभेत तुम्हाला ‘दोन शब्द’ बोलायला सांगतील, शाल-श्रीफळही देतील. एकदा व्यासपीठावर बसलात की गावाच्या लेखी तुम्ही त्या गटाचे. आभार माना आणि खालीच बसा.

## ७. मुलाखती: खालून वर

अध्यक्षांना पहिल्यांदा भेटायचं आणि त्यांची मुलाखत शेवटी घ्यायची. आधी सभासद नसलेले, मग साधे सभासद, मग सोडून गेलेले, मग कार्यकर्ते, मग पदाधिकारी. उलट केलंत तर संस्थेची भाषा तुमच्या तोंडात बसते आणि तुम्ही तीच सगळ्यांना विचारत सुटता.

‘संस्थेमुळे तुमच्या जीवनात काय बदल झाला?’ हा प्रश्न कधीही विचारू नका. याला कुणी ‘काही नाही’ म्हणत नाही. विचारायचं असं: ‘मागच्या सभेला कोण कोण होतं?’, ‘वर्गणी मागायला कोण आलं होतं, तेव्हा तुम्ही काय करत होता?’, ‘विहीर इथं होणार हे तुम्हाला कुणाकडून कळलं?’ घटना विचारा, मत आपोआप येतं.

मुलाखत ४५ ते ६० मिनिटांची. मालवणी, संगमेश्वरी, आगरी, दालदी, जी बोली असेल त्यात बोलू द्या आणि तशीच उतरवा. प्रमाण मराठीत आणताना ‘गावान ठरवल्यान’ याचं ‘ग्रामस्थांनी निर्णय घेतला’ केलंत की कर्ता बदलला: पहिल्या वाक्यात गाव हा एक धनी आहे, दुसऱ्यात माणसांची बेरीज आहे. एक तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला ५ ते ६ तास लागतात, बोली सरावाची नसेल तर ८. म्हणून आठवड्याला चारपेक्षा जास्त मुलाखती लावू नका.

पावसाळ्यात पत्र्याच्या पडवीत रेकॉर्डिंग करू नका. सर आली की पुढची वीस मिनिटं गेली. माजघरात बसा, नाहीतर कौलांखाली, आणि फोन चटईवर न ठेवता उशीवर ठेवा. वही प्लास्टिकच्या पिशवीत, लिहायला पेन्सिल. दमट कागदावर शाई पसरते.

कुणी ‘आम्हाला वाळीत टाकलंय’ म्हणालं तर रेकॉर्डर बंद करून पुन्हा परवानगी घ्या. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे आणि असं विधान तक्रारीचा भाग होऊ शकतं. त्या घरी दिवसाउजेडी वारंवार जाणंही त्यांना अडचणीचं होतं. भेट तालुक्याच्या बाजारादिवशी ठेवा.

## ८. मुंबई: गावाचा दुसरा अर्धा भाग

हा टप्पा गाळला तर अभ्यास अर्धा. पुष्कळ गावांत देवळाचा, रस्त्याचा, शिमग्याच्या खर्चाचा निर्णय मुंबई मंडळाच्या रविवारच्या सभेत होतो आणि गावात तो फोनवर कळतो. मंडळाची सभा पूर्वी लालबाग-परळच्या खोलीत व्हायची. आता सभासद नालासोपारा, विरार, दिवा, बदलापूरला पांगलेत, त्यामुळे सभा कधी स्टेशनजवळच्या शाळेत, कधी नुसती व्हॉट्सअ‍ॅपवर.

तेच तीन निर्णय इथं पुन्हा विचारा, त्याच पाच प्रश्नांसह. गावात ‘मुंबईवाल्यांनी ठरवलं’ आणि मुंबईत ‘गावकीनं ठरवलं’ असं ऐकू येईल. दोघांपैकी एक खोटं बोलतो असं समजू नका. पैसा कुठून निघाला आणि खड्डा पहिल्यांदा कधी खणला, या दोन तारखा काढा. मग कळेल.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घेतलं तर आधी सगळ्यांना दिसेल असा संदेश टाका की तुम्ही अभ्यासक आहात. ग्रुपमधले संदेश शब्दशः उद्धृत करू नका. गावात ते कुणाचे हे पाच मिनिटांत ओळखलं जातं.

## ९. नावं लपवा, मग परत द्या

गावाचं नाव बदलून ‘सोनगाव’ केलं म्हणजे झालं, असं नाही. ‘खाडीकाठच्या, सात वाड्यांच्या, महिला सरपंच असलेल्या गावातला बोट-मालक खजिनदार’ एवढ्यावर तालुका तो माणूस ओळखतो. जिल्हा ठेवा, तालुका काढा. दोन पदाधिकारी एक करा किंवा एकाचे दोन करा. वाड्यांची संख्या ढोबळ करा. फलक दिसणारे फोटो नकोत. लपवण्याची किल्ली, म्हणजे कोणतं नाव कुणाचं याची यादी, कागदावर आणि घरी. लॅपटॉपवर नाही.

अंतिम मसुद्याआधी मराठीत दोन पानांचा गोषवारा करा आणि संस्थेत, एका वाडीत आणि मुंबई मंडळात, असा तीन ठिकाणी वाचून दाखवा. चुकीचं तथ्य सांगितलं तर दुरुस्त करा. निष्कर्ष बदला म्हणाले तर त्यांचा आक्षेप त्यांच्या शब्दांत तळटीपेत घाला. हे तुम्ही करणार आहात, हे चौथ्या टप्प्यावरच्या पत्रात आधी लिहिलेलं असेल तर तंटा होत नाही.

## १०. या अभ्यासावर पुढे काय उभं करायचं

प्राध्यापकीकडे जायचं असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही चालतात. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये. वयाची अट ३०, त्यात महिला आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत. नाही मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या शिष्यवृत्तीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं, त्यात क्षेत्रकार्याचं एक पूर्ण वर्ष पकडायचं तर विषय पहिल्या सहामाहीतच पक्का करावा लागतो.

दुसरी वाट मूल्यमापनाची: संस्था, कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक दायित्व) विभाग किंवा सरकारी अभियानं त्यांच्या कामाचा अभ्यास करून घेतात. मुलाखतीला जाताना पदव्यांच्या आधी तीन गोष्टी पुढे ठेवा: एक वीस पानी मराठी अहवाल, घरं निवडण्याची पद्धत सांगणारं एक पान, आणि नावं काढलेलं एक सभेचं टिपण. तिसरं सर्वांत जास्त वाचलं जातं.

करार करण्याआधी चार ओळी त्यात आहेत का बघा: माहिती कुणाच्या मालकीची, घरं कोण निवडणार, मसुद्यावर संस्थेला किती दिवसांत म्हणणं मांडता येईल, आणि नावं वगळून प्रसिद्ध करायचा हक्क तुम्हाला आहे का. दुसऱ्या ओळीत ‘संस्थेने सुचवलेली’ असं लिहिलेलं असेल तर ते बदलून घ्या, नाहीतर मानधन घ्या पण त्याला अभ्यास म्हणू नका.